तैयलनायकीचा दम

तैयलनायकीच्या मानेवर गाठ आली तेव्हा घरात आनंद झाला. ऐकणारा कपाळाला हात लावील, पण झालं ते असंच झालं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

आलंपुलियूरच्या पक्किरिसामी पिळ्ळैंच्या घरात सात पिढ्या नादस्वरम वाजत आलेलं. दोन हात लांबीची ती काळी लाकडी नळी फुंकायची म्हणजे बेंबीच्या देठापासून दम ओढावा लागतो. वर्षानुवर्षं तो ओढला की वाजवणाऱ्याचा गळा सुटतो, मान भरते. पिळ्ळैंची मान अशी भरली होती की गळ्यातली साखळी सोनाराकडून दोनदा वाढवून घ्यावी लागली, आणि ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. नळी ज्याला आपला म्हणते त्याच्या मानेवर खूण ठेवते, असं त्या घरात मानायचे. त्यांचा मुलगा इळंगो तिशीला आला होता, वाजवायचा गोड, पण मान राहिली काडीसारखी. त्यावरून बापाचे टोमणे त्याने मिसरूड फुटल्यापासून खाल्ले होते.

तेव्हा सुनेच्या, तैयलच्या मानेवर, डावीकडे गळ्याच्या हाडाच्या वर सुपारीएवढा उंचवटा दिसला तसे पिळ्ळै जेवता जेवता थांबले. "या घरात आल्यापासून चार वर्षांत खूण आली," ते मुलाकडे बघून म्हणाले. "मला बारा लागली होती." इळंगो मान खाली घालून भात कालवत राहिला. सासूबाईंनी, कुंजम्माळनी, संध्याकाळी मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. अशा गोष्टीला दृष्ट लवकर लागते म्हणे.

तैयल सत्तावीस वर्षांची. तिरुवारूरकडच्या एका वाजंत्र्याची एकुलती एक लेक. बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याने नळी हिच्या हातात दिली, आणि हिने ती अशी धरली की सासरी येताना दागिन्यांच्या डब्याआधी ती उचलली. लग्नानंतर नवराबायको जोडीने बसू लागले. सूर ती उचलायची, इळंगो मागोमाग यायचा. त्यांच्याकडे बघायला म्हणून लोक मांडवात लवकर यायचे. पिळ्ळै स्वतः आता वाजवत नसत, दम उतरला होता. झांजा घेऊन शेजारी बसायचे आणि कुठला राग कधी घ्यायचा ते सांगायचे.

त्या गाठीबरोबर आणखीही बारीकसारीक गोष्टी आल्या होत्या. ऐन थंडीत तिची उशी घामाने भिजायची. अंगाला खाज सुटायची आणि दिसायचं काहीच नाही. पोलकी ढगळ झाली. तैयलला वाटलं, नळी अंग मागते ती अशी. कुणाला विचारणार? ज्यांना विचारायचं तेच तर मान बघून खूश होते.

पहिल्यांदा शहाणपणाचं बोलला तो गुरांचा डॉक्टर. कार्तिकातल्या एका लग्नात डॉक्टर अय्याकण्णू पहिल्या रांगेत बसले होते. खणखणीत आवाजाचा, पोट सुटलेला माणूस, चार गावांच्या गाईम्हशी त्याच्या भरवशावर. वाजवणं थांबल्यावर कॉफीचा पेला घेऊन सरळ तिच्यापुढे येऊन उभे राहिले. "मुली, नळी खाली ठेवली की फुगलेलं सगळं उतरतं. ही उतरत नाहीये. अर्धा तास बघतोय मी."

पिळ्ळैंना राग आला. तुम्ही आपल्या म्हशी बघा, असं ते म्हणाले, आणि तेही चारचौघांत.

"म्हशीला असती तर आजच तुकडा काढून तपासायला पाठवला असता," डॉक्टर म्हणाले. "सुनेला म्हशीपेक्षा कमी बघता काय?"

हे बोलणं तैयलच्या मनात घर करून बसलं. आठवडाभर तिने नळीला हात लावला नाही आणि रोज सकाळी गाठ चाचपून पाहिली. ती तसूभरही उतरली नाही. मग एका सोमवारी तिने इळंगोला सांगितलं, आज तंजावूरला जायचं आहे, आणि मामंजींना विचारायचं नाही.

तपासण्यांमध्ये पंधरा दिवस गेले. गाठीचा तुकडा काढला, फोटो काढले, आणि मार्गळीच्या, ऐन थंडीच्या महिन्यातल्या एका सकाळी डॉक्टर ज्योतिमणी दोघांना समोर बसवून बोलल्या. तरुण बाई, केसांत अबोलीचा गजरा, बोलणं एक घाव दोन तुकडे. हॉजकिन्स लिम्फोमा असं आजाराचं नाव. "कॅन्सरच आहे," त्या म्हणाल्या, "पण कॅन्सरांमधला त्यातल्या त्यात शहाणा. वेळेवर आलेल्या दहाजणांतले आठ-नऊ बरे होऊन घरी जातात. सहा महिने औषधं, दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून." मूलबाळ आहे का ते त्यांनी विचारलं, आणि या औषधांनंतर बहुतेकींना मूल होतं, तो घोर नको, असंही सांगितलं.

इळंगोच्या कानात पहिल्या वाक्यानंतर काही शिरलं नव्हतं. तैयलने मात्र सगळं ऐकलं आणि एकच विचारलं. "मी नादस्वरम वाजवते. माझा दम राहील का?"

 औषधं चार असतात, त्यातलं एक काहीजणांची फुफ्फुसं धरतं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. तुझ्यासारखीला ते द्यायला मलाच नको वाटतं, पण पहिल्या चार वेळा द्यावंच लागेल. मग स्कॅन. स्कॅन स्वच्छ आलं तर ते औषध मी काढून टाकीन. तोवर दर वेळी यंत्रावर दम मोजायचा आणि कोरडा खोकला आला तर लपवायचा नाही.

परतीच्या बसमध्ये इळंगो रडला. चारचौघांत, खिडकीकडे तोंड करून, नाकडोळे पुसत. तैयलला आधी त्याची कीव आली आणि मग राग आला, कारण रडायचं तिलाही होतं आणि एका बाकावर दोघांनी रडून कसं चालेल? कुंभकोणम मागे पडलं तेव्हा तो म्हणाला, वाजवणं जाऊ दे खड्ड्यात, तू राहिलीस म्हणजे झालं.

"वाजवल्याशिवाय राहील ती कोण?" तैयलने विचारलं. "तिला तू ओळखतोस का? मी तर ओळखत नाही."

घरी कुंजम्माळनी सगळं ऐकून घेतलं, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, हा शब्द या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. बाई वाईट नव्हती, घाबरली होती. त्यांचं म्हणणं असं की आपलं वाद्य मंगलवाद्य. ताळी, म्हणजे मंगळसूत्र, बांधायची वेळ झाली की घरातला वडीलधारा बोट वर करतो, 'गेट्टिमेळम' म्हणतो, आणि नादस्वरम आणि सोबतचा ढोल, तवील, असे कडाडून वाजतात की कुणाची शिंक, कुणाचा खोकला, कुणाचा वावगा शब्द नवरीच्या कानावर पडू नये. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचं अशुभ झाकायचं, त्यांच्याच घरात हे निघालं म्हटल्यावर कोण बोलावणार?  पिळ्ळै उठून ओट्यावर जाऊन बसले, आणि त्या दिवसापासून त्यांनी सुनेच्या मानेकडे बघायचं सोडलं.

लोकांना काय सांगायचं हे कुंजम्माळनी ठरवलंही नव्हतं. गल्लीनेच ते ठरवून टाकलं. सून मांडवात दिसत नाही, सकाळी उलट्या करते, तोंडाला चव नाही म्हणते. लग्नाला चार वर्षं झालेली. आता याचा अर्थ बायका दुसरा काय लावणार? शेजारच्या सेंबगमने चिंचेचा भात आणून दिला आणि डोळा मिचकावला. कुंजम्माळनी नाही म्हटलं नाही. आठवड्यात कैऱ्यांची टोपली आली, लिंबाचं लोणचं आलं. दुसऱ्या महिन्यात तैयलचे केस मुठीमुठीने हातात यायला लागले तेव्हा तिने न्हाव्याला बोलावून डोकं साफ करून घेतलं. आमच्याकडे देवाला केस वाहिलेल्या बायका गल्लोगल्ली असतात. कुंजम्माळ म्हणाल्या, नवस फेडला. कसला नवस ते विचारायची कुणाला गरजच वाटली नाही, आणि कैऱ्या दुप्पट यायला लागल्या.

तैयल खाटेवर पडून हे सगळं ऐकायची. औषधानंतरचे चार दिवस वाईट जायचे. तोंडात लोखंडाची चव, हाडांत ठणका, दूध तापल्याच्या वासानेही पोट ढवळायचं. पण पाचव्या दिवशी ती उठायची, परसात विहिरीच्या काठावर बसायची आणि नळी हातात घ्यायची. रोज पाव तास. मोठं काही नाही, एकच सूर धरायचा आणि मनात आकडे मोजायचे. पहिल्या महिन्यात चाळीसपर्यंत जायचा.

तंजावूरला दम मोजायची खोली होती. तिथली मुलगी नाकाला चिमटा लावून तोंडात नळकांडं द्यायची आणि फुंका, फुंका, अजून फुंका म्हणून ओरडायची. लोक सहा-सात सेकंदांत ढेपाळायचे. पहिल्या दिवशी तैयल फुंकत राहिली. मुलीचं ओरडणं थांबलं, ती पडद्याकडे बघत राहिली, मग तिने यंत्राला दोन चापट्या मारल्या, मग आत जाऊन साहेबांना घेऊन आली. तोवर तैयल फुंकतच होती. साहेबांनी विचारलं, ही करते काय? इळंगोने सांगितल्यावर ते म्हणाले, मग यंत्र ठीक आहे. आजाराचं कळल्यापासून नवराबायको एकत्र हसले ते त्या दिवशी, जिन्यात, इतके की एका नर्सने दटावलं.

पण चौथ्या वेळेपर्यंत हसण्यासारखं राहिलं नाही. आकडा दर वेळी थोडा खाली आला. विहिरीवरचा सूर चाळीसवरून पंचवीसवर आला, आणि एका पहाटे तिला कोरडा खोकला आला. दोनदा, मग पाचदा. ती उशीत तोंड खुपसून खोकली. तिच्या मनात आलं, सांगितलं तर उपचार लांबतील, नाही सांगितलं तर दम जाईल. फार भीती वाटली तिला. मरणाची वाटली नव्हती इतकी.

त्याच दिवशी तिला दिसलं की नळीला दोरीने बांधलेल्या तिच्या पिपाण्या कुणीतरी बदलल्यात. ज्या कोवळ्या गवताच्या पिपाणीतून आवाज निघतो ती पिळ्ळै स्वतः घडवायचे, आणि तैयलला लागायची टणक, भरपूर दम खाणारी. या मऊ होत्या, शिकाऊ पोरांना देतात तशा, फुंकर घातली तरी वाजतील अशा. त्यांनी काही न बोलता, तिला त्रास नको म्हणून, रात्र रात्र बसून त्या घडवल्या होत्या. ही त्यांची माफी होती हे तिला कळलं आणि ती तिला नको होती. माफी तोंडाने मागायची असते. तिने मऊ पिपाण्या सोडून त्यांच्या पानाच्या डब्यात ठेवून दिल्या.

त्या दुपारी ओट्यावर सेंबगम आणि आणखी दोघी हिरव्या बांगड्यांची माळ घेऊन आल्या होत्या. कुंजम्माळ कॉफी देत होत्या. पिळ्ळै कोपऱ्यात सुपारी कातरत होते. इतक्यात समोरच्या गोठ्यात गाय अडली म्हणून आलेले डॉक्टर अय्याकण्णू, ज्यांना इळंगोने गुपचूप सगळं सांगितलं होतं, कोपरापर्यंत हात बरबटलेले, रस्त्यातूनच ओरडले, "काय पिळ्ळै, सुनेची चौथी झाली का? खोकला नाही ना?"

कुंजम्माळ क्षणात म्हणाल्या, गाईचं विचारतायत, आमची गाय खोकत होती. त्यांच्याकडे गाय नव्हती हे गल्लीला ठाऊक होतं.

तैयल आतून बाहेर आली. डोक्यावर पदर नव्हता. उन्हात ते तुळतुळीत डोकं आणि मानेवरची टाक्यांची रेघ सगळ्यांनी बघितली. "खोकला आहे डॉक्टर, आजपासून," ती म्हणाली. "सेंबगमक्का, त्या बांगड्या परत न्या. मला दिवस गेलेले नाहीत. मला कॅन्सर झालाय. बरी होते आहे मी, पण झालाय."

कुंजम्माळ हळूच म्हणाल्या, आत जा गं, आत जा.

"किती आत जाऊ, आत्याबाई? मी काय मांडवातली शिंक आहे? दोन महिने तुम्ही सगळे माझ्यावर गेट्टिमेळम वाजवताय. मला माझंच ऐकू येत नाही."

 पिळ्ळैंच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला. सेंबगम बांगड्या गोळा करून उठली आणि तैयलच्या अगदी जवळून, तिच्याकडे न बघता निघून गेली. कुंजम्माळ पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात गेल्या. तैयलच्या छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. डॉक्टर अय्याकण्णूंनी गोठ्यात हात धुतले, स्वतःच्या जीपमध्ये तिला आणि इळंगोला घातलं आणि त्याच संध्याकाळी तंजावूर गाठलं. वाटभर शेणाचा वास आणि त्यांची बडबड.

खोकला औषधाचाच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. आणखी दोन वेळा ते औषध दिलं गेलं असतं तर गोष्ट हाताबाहेर गेली असती, असं डॉक्टर ज्योतिमणींनी सांगितलं. स्कॅन आठवड्यावर होतं, ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिरुचीला करायला लावलं. निकाल इळंगोच्या फोनवर आला. त्याला वाचवेना. तैयलने फोन हिसकावून घेतला आणि वाचलं. स्वच्छ. मानेत, छातीत, कुठेही काही चमकत नव्हतं. चारातलं ते एक औषध त्या दिवशी बंद झालं आणि खोकल्यासाठी गोळ्या सुरू झाल्या.

ही बातमी गल्लीला कळवायला कुणाची गरज पडली नाही. आधीची बातमी जशी फिरली तशी हीही फिरली. पण पहिलीचा परिणाम व्हायचा तो झालाच. उन्हाळ्यातल्या तीन लग्नांनी निरोप पाठवले, आमच्याकडे दुसरी मंडळी ठरलीत. कुंजम्माळनी सुनेकडे नुसतं बघितलं. इळंगो मिळेल तिथे एकटा वाजवून आला, आणि गंमत म्हणजे, पुढे पुढे सूर उचलायला शिकला. तैयल घरी राहिली. उरलेल्या आठ वेळांचं औषध तिने घेतलं, उलट्या केल्या, शिव्या दिल्या, विहिरीवर बसून सूर धरला. पंचवीस. सत्तावीस. मग चार आठवडे सत्तावीसच, काही केल्या पुढे जाईना. आषाढात औषधं संपली तेव्हा तेहतीस. यंत्रावर फुंकल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, नेहमीच्या माणसाला हे पुरून उरेल. तैयल म्हणाली, मी नेहमीचं माणूस नाही. बाई हसल्या आणि म्हणाल्या, मग ते आता मांडवातच कळेल.

मांडव मिळाला तो सेंबगमकडून. ओट्यावरच्या त्या दुपारनंतर तिने या घराची पायरी चढली नव्हती. एके सकाळी पानसुपारीचं ताट घेऊन आली. तिच्या मुलीचं, कयलचं लग्न आवणीत, म्हणजे श्रावणाच्या सुमारास ठरलं होतं. ताट तिने पिळ्ळैंपुढे न ठेवता तैयलपुढे ठेवलं.

"दोघांनी बसायचं, आणि सूर तू उचलायचास," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "वर्षभर छातीत गाठ घेऊन हिंडत होते गं मी. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. तुझं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तंजावूर गाठलं. काही नाही निघालं, नुसती चरबी. पण वर्षभर मी रोज मरत होते." आणि ती कुंजम्माळच्या गळ्यात पडून रडली. कुंजम्माळही रडल्या, आणि दोघी बराच वेळ थांबेनात.

लग्नाच्या सकाळी तैयल नळी घेऊन मांडवात बसली तेव्हा डोक्यावर बोटभर नवे केस होते, कुरळे. पूर्वी सरळ होते. गजरा अडकवायला जागा नव्हती म्हणून इळंगोने तो तिच्या मनगटाला बांधला. तवीलवाला तंगैया, पिळ्ळैंचा जुना सोबती, बोटांना टोपणं चढवत होता. मन्नारगुडीहून आलेल्या वरपक्षात कुजबुज सुरू झाली होती. नवऱ्या मुलाची आजी, नऊवारीसारखं जुन्या पद्धतीचं लुगडं नेसलेली कडक बाई, सेंबगमला बाजूला घेऊन म्हणाली, ती बसू दे, पण ताळीच्या वेळी तिच्या नवऱ्यानेच फुंकावं. तसल्या आजाराचा दम आमच्या मुलाच्या ताळीवर नको.

"कान माझ्या मुलीचे आहेत," सेंबगम म्हणाली, "आणि तिनेच हिला बोलावलंय."

हे तैयलने ऐकलं. राग आला, पण त्याहून मोठी भीती होती. आजी म्हणते ते खोटं असलं तरी दम खरोखर कमी पडला तर? आठ-नऊ महिन्यांत तिने पाव तासाच्या वर वाजवलं नव्हतं. नवरीच्या ताळीवर वाजंत्री मधेच तुटली तर ते लोक विसरत नाहीत. पिळ्ळै शेजारी झांजा घेऊन बसले होते. त्यांनी फक्त म्हटलं, अर्ध्या मिनिटाचं काम.

भटजींनी ताळी नवऱ्या मुलाच्या हातात दिली. वडीलधाऱ्यांनी बोट वर केलं, "गेट्टिमेळम, गेट्टिमेळम," आणि तंगैयाचा तवील कडाडला. तैयल आणि इळंगो एकदम वर गेले. अक्षता उडाल्या. नवऱ्या मुलाने पहिली गाठ मारली. पुढच्या दोन त्याच्या बहिणीने मारायच्या असतात, आणि तिसरी बसेपर्यंत वाजंत्री थांबवता येत नाही.

बहीण एकोणीस वर्षांची, घाबरलेली. कयलच्या गळ्यात दोन जाड हार, वेणीभर मोगरा. हळदीचा दोरा फुलांच्या दोऱ्यात गुंतला. ती सोडवायला गेली तसा आणखी गुंतला. अर्धं मिनिट संपलं. एक संपलं. कुणीतरी मदतीला हात घातला आणि वेणीतलं पदकही त्यात अडकलं. तेवढ्यात तैयलच्या उजव्या कानाशी बारीक 'टच्च' झालं. इळंगोची पिपाणी चिरली. त्याचा आवाज गेला आणि त्याने दुसरी सोडायला घेतली.

आता मांडवात तिचा एकटीचा सूर होता. तिने दोघांचा भार घेतला. एरवी एकाने श्वास घेताना दुसऱ्याचा सूर चालू असायचा, आता तिला सूर न तोडता श्वास चोरून घ्यावे लागत होते. फासळ्या आत ओढल्या गेल्या, टाके पडले होते तिथे ताण बसला, डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. आता संपणार, असं तिला वाटलं. तिने अजून ओढलं आणि अजून होता. दुसरं मिनिट गेलं. तिला औषधं आठवली नाहीत, उशी आठवली नाही, काहीच आठवलं नाही, फक्त समोर त्या पोरीची बोटं आणि पिवळा दोरा. सूर पडायला आला तसा तो खाली नेण्याऐवजी तिने वरच्या षड्जावर नेऊन उभा केला. तंगैयाने बोटं न थांबवता तिच्याकडे बघितलं आणि तोही चढला. मागच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले. लग्न बघायला की तिला बघायला, कोण जाणे.

मग बहिणीचे दोन्ही हात वर गेले. तिसरी गाठ बसली होती. थांबायची खूण पिळ्ळैंनी करायची असते. ते झांजा धरून सुनेकडे बघत बसले होते, खूण करायचं भान त्यांना उरलं नव्हतं. शेवटी तैयलनेच सूर उतरवला, नीट, पायरीपायरीने, आणि नळी मांडीवर ठेवली.

इळंगो नवी पिपाणी हातात धरून तसाच बसला होता. "संपला होता ना दम?" त्याने विचारलं.

"संपत आला होता," ती धापा टाकत म्हणाली. "मग अजून निघाला."

आजी पुढे आली. तिने तैयलला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि पिळ्ळैंना विचारलं, हीच का ती?

वाजंत्र्यांपुढचा माइक चालूच होता. पिळ्ळैंना ते ठाऊक होतं की नाही, हे त्यांनी नंतर कुणालाही सांगितलं नाही. ते उठून उभे राहिले. "हीच," ते म्हणाले, आणि ते मांडवात, स्वयंपाकाच्या शेडमध्ये, केळीच्या पानांवर बसलेल्या पंगतीत आणि रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "माझी सून. हिला कॅन्सर झाला होता. मानेवरची गाठ मी रोज बघत होतो आणि शाबासकी देत होतो. मूर्ख मी. आजार हिने काढला, आणि तुम्ही आत्ता ऐकलात तो दम हिचा आहे. ज्याला तो अशुभ वाटत असेल त्याने मला येऊन सांगावं."

लग्नाच्या मांडवात तो शब्द एवढ्या मोठ्याने याआधी कुणी उच्चारला नसेल. सांगायला कुणी पुढे आलं नाही. पंगतीत वाढत असलेल्या कुंजम्माळ भाताचं भांडं घेऊन तशाच उभ्या होत्या, आणि त्यांनी पदर डोळ्यांकडे नेला नाही.  आजीने मुठीत उरलेल्या अक्षता तैयलच्या कुरळ्या डोक्यावर टाकल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

तंगैयाने तवीलवर थाप दिली. ताळीनंतर आनंदाचा राग घ्यायचा असतो, आणि कुठला ते आजवर पिळ्ळै सांगत आले होते. ते सुनेकडे वळले.

"बोल, काय घ्यायचं?"

"आधी पाणी," तैयल म्हणाली.

पिळ्ळै स्वतः गेले आणि तांब्या भरून घेऊन आले.